नुसतं पाणी

पाण्यावर पसरलेल्या स्निग्ध थराखाली तिने सुईने एक थेंब सोडला आणि यंत्रावरचा थराच्या दाबाचा आकडा बरोबर दोनने चढला. थरात अमिनो आम्ल शिरतं, याचा तिच्या प्रबंधातला एकमेव पुरावा म्हणजे हे दोन. त्यात सहा वर्षं गेली होती.

“मॅडम, आज थेंबात अमिनो आम्ल नाहीच. नुसतं पाणी आहे. पाण्यानेही दोनच चढतात.”

“मला ठाऊक आहे, तुझ्या दुसऱ्या वर्षापासून,” मार्गदर्शक बाई म्हणाल्या. “तुला कधी कळलं?”

“महिना झाला.”

“आणि महिनाभर मूग गिळून बसलीस?”

तिने सुई पुसून ठेवली.

बाई पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसल्या. “मग शिकलीस की! दर वर्षी विचारायचीस ना, प्रबंध सादर करू का म्हणून? कर.”