विचारून वाढलेला रस्सा

नातू राजवीर रांगायला लागला त्या वर्षी, म्हणजे २०२४ साली, बायडाबाईंनी तांबड्या रश्श्याची पळी नवऱ्यामुलाच्या मामाच्या मांडीवर ओतली. मामा वाटीवर हात धरून "नको, नको" म्हणत होता. बायडाबाईंना वाटलं, लाजतोय. लेक अनुजा पाहुण्यांना पसंत होती. जेवण झालं की सुपारी फुटायची. ती न फोडताच पाहुणे गडमुडशिंगीतून परत गेले. असं मोडलेलं हे दुसरं स्थळ.

"आत्या, आमच्या कंपनीत बी काल असंच झालं," सून वर्षाराणी म्हणाली. शिरोलीतल्या एका कारखान्यात ती कॉम्प्युटर सांभाळायची. "सर्व्हरनं न विचारता एवढ्या फाईली पाठवल्या, की ठेवून घेणाऱ्या स्टोरेजनं सगळ्याच टाकून दिल्या. मी सेटिंग बदललं. आता सर्व्हर आधी सांगतोय, एवढं ठेवायचं हाय. स्टोरेज म्हणतंय, तयार हाय, पाठव. मगच माल सुटतोय."

"मशिनीला जमतंय, मला जमणार न्हाय व्हय?" बायडाबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी तिसरं स्थळ आलं. पंगतीत पहिली मुलाची आजी, शेवंताआक्का. बायडाबाई पातेलं घेऊन समोर उभ्या राहिल्या.

"वाढू का?"

"नको," आक्का रीतीप्रमाणे म्हणाल्या. बायडाबाई पुढं सरकल्या. रीतीप्रमाणे सगळेच नको म्हणाले. पातेलं भरलेलंच चुलीवर परत गेलं. पाहुणे कोरडी भाकरी मोडत बसले. थोड्या वेळानं आक्का उठून चप्पल शोधायला लागल्या.

वर्षाराणीनं कपाळावर हात मारून घेतला. "आत्या, एक सांगायचं ऱ्हायलंच की! पहिलं थोडं न विचारता पाठवायची मुभा असती. त्याच्या म्होरं विचारायचं."

"थोडं म्हंजे किती?"

"मशिनीत आकडा घालतात. तुम्ही दोन पळ्या धरा."

बायडाबाई पळाल्या. आक्कांना दंडाला धरून पाटावर बसवलं. प्रत्येकाच्या वाटीत दोन पळ्या, एक शब्द न बोलता. मग पळी पाठीमागं लपवून त्या उभ्या राहिल्या.

"आता इचारते. आणि वाढू?"

आक्कांनी वाटी पुढं केली. "वाढा की! मगाशी वाटलं, आमी आल्यालं तुमास्नी आवडलं न्हाय."

संध्याकाळच्या आत सुपारी फुटली. ज्याचा तो रस्सा होता, तो कोंबडा त्याच रविवारी सकाळी सात वाजता वारला. त्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं.