करपलेला लसूण

कोल्हापुरात पंचवीस वर्षं खाणावळ चालवलेल्या हौसाताईंना गेल्या वर्षीच्या तापानंतर कसलाच वास येईनासा झाला. फोडण्या चुकू लागल्या, तशी त्यांनी खाणावळ बंद केली आणि स्वयंपाकघरात जाणंही सोडलं.

आज त्यांची सून ऋजुता क्रीम घालून चिकन पास्ता करत होती. चिकनमध्ये मलई कशाला, हे काही हौसाताईंना पटलं नव्हतं. त्या बाहेर सोफ्यावर बसून मुकाट्याने वाटाणे सोलत होत्या.

“अगं, लसूण करपाय लागलाय की!” त्या एकदम ओरडल्या.

फ्रीजमध्ये क्रीम शोधणारी ऋजुता गॅसकडे धावली. लोण्यातला लसूण काळा पडला होता. गॅस बंद करून तिने विचारलं, “आई, तुम्हाला बाहेर बसून कसं कळलं?”

हौसाताईंच्या मांडीवरचे वाटाणे घरभर सांडले. त्या तशाच आत आल्या, कढईवर वाकल्या आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला. कडवट, नाकात झोंबणारा वास! त्यांचे डोळे भरून आले.

“हा टाकून दुसरा घेते,” म्हणत ऋजुताने कढई उचलली. हौसाताईंनी तिचा हात धरला.

“टाकू नको गं. पेटव परत गॅस. आणखी जरा करपू दे!”