कडेचं प्यादं

बायको वारली त्या दिवशी घड्याळजीचं घर माणसांनी भरून गेलं. खिडकीजवळचं टेबल मोकळं करावं म्हणून शेजाऱ्याने त्यावरचा बुद्धिबळाचा पट उचलायला हात घातला. सकाळपासून तोंडातून शब्द न काढलेला घड्याळजी तेव्हा बोलला. म्हणाला, "राहू दे. खेळी तिची आहे."

चार महिने पट तिथेच राहिला. मग एका रविवारी सकाळी मेहुणी आली. गणिताची शिक्षिका, नुकतीच निवृत्त झालेली, आणि जीभ अजून नोकरीत असल्यासारखी. चपला काढता काढताच तिने सांगून टाकलं की आज ताईच्या डावाचा निकाल लावल्याशिवाय ती जेवणार नाही.

भांडण जुनं होतं. दोन ग्रँडमास्टरांचा एक गाजलेला डाव पुस्तकात छापलेला होता. एकेचाळिसाव्या खेळीनंतर काळ्याने हार मानली आणि तो उठला. पुस्तकाच्या मते त्याने शहाणपणा केला. घड्याळजीच्या बायकोच्या मते घाई केली. डाव बरोबरीत सुटत होता, पण मेला एवढा शिकलेला आणि एवढा घाबरट, असं ती म्हणायची. एकोणीस वर्षं दुकान बंद झालं की नवराबायको त्या शेवटच्या स्थितीवर वाद घालत बसायची. तो पांढऱ्याकडून, ती काळ्याकडून. सोंगट्या हलवून बघताना मूळ जागा विसरू नयेत म्हणून घड्याळजीने पहिल्याच आठवड्यात, घड्याळाचे काटे रंगवायच्या बारीक ब्रशने, प्रत्येक सोंगटीच्या घरात एक ठिपका दिला होता. पुस्तक मग ट्रंकेत गेलं ते गेलंच.

बायकोची युक्ती एकच होती. काळ्याचा राजा कोपऱ्यात कोंडला होता. तेव्हा हत्ती फुकट द्यायचा. पांढऱ्याने तो मारला की काळ्याला शहही नाही आणि हलायला जागाही नाही, म्हणजे नियमाने बरोबरी. नाही मारला, तर हत्ती शह देत पांढऱ्या राजाच्या मागे फिरत राहणार. घड्याळजी दर वेळी हत्ती मारायचा आणि कडेच्या काळ्या प्याद्याकडे बोट दाखवायचा. त्या प्याद्यासमोर एक घर रिकामं होतं. काळ्याला ती एक खेळी उरायची, आणि तीच त्याला बुडवायची. बायको म्हणायची, उद्या बघते.

ती बरोबर ठरावी, असं घड्याळजीला आता मनापासून वाटत होतं. पण ठरली तर रोज संध्याकाळी करायचं काय, याची धास्तीही होती. सुटलेल्या कोड्यापाशी कोण बसतं?

मेहुणीने चष्मा पुसला आणि ठिपक्यांकडे असं पाहिलं, जसं कुणाच्या तरी वहीतून उतरवलेल्या गणिताकडे बघावं. मग पुस्तक मागितलं. घड्याळजीला राग आला. घड्याळाच्या पोटात केसाएवढी खूण करणारा हात हा, त्याच्या ठिपक्यांवर संशय? मेहुणी शांतपणे म्हणाली की उत्तर जमत नसेल तर ती पहिल्या पायरीपासून बघते, मग गणित कुणाचंही असो.

ट्रंक उपसून पुस्तक निघालं. तो वाचू लागला, ती सोंगट्या सरकवू लागली. वजीर गेले, उंट गेले, घोडे गेले. सदतिसाव्या खेळीला पांढऱ्याने कडेचं प्यादं एक घर पुढे ढकललं. एकेचाळिसाव्या खेळीला पुस्तक संपलं, आणि सगळ्या सोंगट्या आपापल्या ठिपक्यावर येऊन उभ्या राहिल्या. एक सोडून. ते कडेचं पांढरं प्यादं ठिपक्याच्या एक घर पुढे, काळ्या प्याद्याच्या थेट नाकासमोर उभं होतं.

घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं. प्यादं मागे गेलं नाही. मग त्याला आठवलं. पहिल्या वेळी डाव मांडताना दुरुस्तीला आलेलं गजराचं घड्याळ मधेच कोकलायला लागलं होतं. तो ते बंद करायला उठला होता, आणि परत येऊन पांढऱ्याची ती खेळी सोडून थेट काळ्याच्या खेळीपासून वाचू लागला होता.

मेहुणीने काळा हत्ती पांढऱ्या राजाशेजारी नेऊन ठेवला. घड्याळजीने तो मारला. काळा राजा कोपऱ्यात कोंडलेला. काळं प्यादं अडलेलं. हलवायला काहीच नाही.

"भाऊजी," मेहुणी म्हणाली, "एकोणीस वर्षं तुम्ही माझ्या बहिणीला चुकीच्या पटावर हरवलंत."

घड्याळजीला जे हसू फुटलं ते आवरेना. पोट धरून, खुर्चीला टेकून, खोकला येईपर्यंत तो हसला. मेहुणीही हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. ताई असती तर हा तोरा तिने निदान वर्षभर मिरवला असता, भाऊजींना जेवायला वाढताना तर रोजच, असं ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. जिंकली शेवटी माझी ताई, आतून तिचा आवाज आला.

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा घड्याळजीने डाव चार खेळ्या मागे नेला होता. भिंग अजून डोळ्यालाच होतं.

"जिंकली कुठे, बरोबरी झाली," तो म्हणाला. "आणि तीही पांढऱ्याने ते प्यादं उगाच ढकललं म्हणून."

मेहुणीने कपाळाला हात लावला. मग कप बाजूला ठेवून खुर्ची ओढली आणि काळ्याच्या बाजूला बसली.

दुपारचे दोन वाजले. सदतिसाव्या खेळीला पांढऱ्याने दुसरं काय करायला हवं होतं, हे अजून बघायचं राहिलं आहे.