पंचविसावा मुद्दा

विभावरीचे हात मिस्टर ग्लेनन यांच्या पायांना लागले आणि त्याच क्षणी तिला कळलं, आपण नापास झालो.

ती अजून वाकलेलीच होती. पलंगाशेजारी ब्रीडा क्वर्क हातात चोवीस मुद्द्यांची यादी घेऊन उभी होती. ब्रीडा ही आयर्लंडमधल्या मलिंगार गावाबाहेरच्या त्या वृद्धांच्या नर्सिंग होमची मेट्रन, आणि परीक्षकही तीच. यादीही तिनेच केलेली. पहिला मुद्दा, हात धुणे. दुसरा, आपलं नाव सांगणे. तिसरा, पेशंटला हात लावण्याआधी त्याची परवानगी विचारणे. हा चुकला की पुढचे एकवीस बघायची गरजच नाही. विभावरीने हात धुतले, नाव सांगितलं, आणि तिसऱ्याच्या जागी पेशंटच्या पाया पडली.

ठरवून नव्हे. चौथीच्या स्कॉलरशिपपासून पुण्यातल्या एम.ए.पर्यंत एकही परीक्षा तिने मोठ्यांच्या पाया पडल्याशिवाय दिली नव्हती. मलिंगारमध्ये त्या बाबतीत फार आबाळ. मराठी घरं तीन, आणि नवरा सोडला तर तिन्हींत वयाने मोठी तीच, एक्केचाळीस. आज समोर ऐंशी वर्षांचा माणूस होता आणि त्याचे पाय पांघरुणाबाहेर आले होते. कंबर आपली आपण वाकली. त्यातून आडव्या पडलेल्या माणसाला नमस्कार करू नये, हे आईने लहानपणीच बजावलेलं. म्हणजे एका वाकण्यात तिने दोन देशांचे नियम मोडले होते.

हेल्थकेअर असिस्टंटच्या कोर्सला प्रात्यक्षिकाची संधी दोनदाच मिळते. पहिली मार्चमध्ये गेली. एका आजीबाईंनी पॉरिजला दोनदा नको म्हटलं, आणि विभावरीने "माझ्यासाठी एकच चमचा" असं करत करत अख्खा वाडगा संपवला. आजीबाई खूश झाल्या. अहवालात आलं, "पेशंटच्या नकाराचा आदर केला नाही."

"अगं, सोडून दे ना," तिचा नवरा गुरुनाथ तेव्हा म्हणाला होता. गुरुनाथ वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनिअर. "एम.ए. होऊन लोकांची अंथरुणं कशाला बदलायची? घरी काय कमी आहे तुला?"

घरी काय कमी आहे हे सात वर्षं घरी बसलेल्या विभावरीला नेमकं ठाऊक होतं. फक्त त्याची यादी कोणी मागितली नव्हती.

"परवानगी विचारलीस?" ब्रीडाने विचारलं.

"नाही."

"मग हात काढ, लव्ह." ब्रीडाच्या आवाजात राग नव्हता. ते जास्त वाईट होतं.

विभावरीने हात काढले नाहीत. नमस्काराला दोन्ही हात लागतात, दोन्ही पायांना, एकाच वेळी. एका हाताखाली कोमट पाऊल होतं. दुसऱ्या हाताखालचं फ्रिजमधून काढलेल्या दुधाच्या पिशवीसारखं.

"ह्यांचा डावा पाय गार आहे," ती म्हणाली.

"आयर्लंड आहे हे. इथे सगळ्यांचेच पाय गार असतात."

"दोन्ही असतात," विभावरी म्हणाली. "ह्यांचा एकच आहे."

"मी अगदी ग्रँड आहे," मिस्टर ग्लेनन छताकडे बघत म्हणाले. पहाटेपासून ते ग्रँडच, म्हणजे इथल्या बोलीत ठणठणीत, होते. पायाला मुंग्या येत होत्या, दुखतही होतं, पण सकाळच्या घाईत पोरींना कशाला त्रास द्यायचा! त्यांच्या कागदावर रात्रपाळीची नोंद होती, "आरामात आहेत."

ब्रीडाने यादी खाली ठेवली. तिने पाऊल चाचपलं. पावलावर नाडी शोधली, घोट्यापाशी शोधली, परत पावलावर शोधली. मग तीस वर्षांच्या नोकरीत कधी चढला नसेल असा आवाज चढवून तिने अॅम्ब्युलन्स बोलवायला सांगितली. दहा मिनिटांत मिस्टर ग्लेनन दारातून बाहेर गेले, आपण ग्रँड आहोत असं सांगत.

मागे उरली परीक्षा.

तिसरा मुद्दा चुकला होता, यात वाद नव्हता, आणि ब्रीडा खोटं लिहिणाऱ्यांतली नव्हती. विभावरीने अॅप्रनच्या गाठीला हात घातला. ब्रीडाने बराच वेळ पेन चावलं आणि अखेर लिहिलं, "पेशंट मध्येच निघून गेल्याने परीक्षा होऊ शकली नाही."

दुपारी दोन वाजता, दुसऱ्या पेशंटवर, ती नव्याने झाली. विभावरीने हात धुतले, नाव सांगितलं, परवानगी विचारली. चोवीसपैकी चोवीस. शेवटची खूण करून ब्रीडाने तोच कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला तिच्या शिफ्ट लिहून दिल्या.

"अरे वा," गुरुनाथ फोनवर म्हणाला. आणि पुढे, "संध्याकाळी जेवायला काय आहे?"

"तुम्ही कराल ते," विभावरी म्हणाली. "सोमवारपासून मला नोकरी आहे. सवय करून घ्या."

डब्लिनच्या सर्जनचा फोन सहाला आला. मांडीतल्या धमनीत गुठळी होती, काढली. पाय वाचला. आणखी चार तासांनी कळलं असतं तर मांडीपासून कापावा लागला असता. हे कोणाच्या लक्षात आलं, आणि कसं, असं त्याने विचारलं. कोणाच्या, ते ब्रीडाने लगेच सांगितलं. कसं, हे सांगताना तिला जरा वेळ लागला.

फोन ठेवून तिने यादी पुढे ओढली आणि पंचविसावा मुद्दा लिहिला: सकाळी आल्याबरोबर परवानगी विचारावी, मग वाकून पेशंटच्या दोन्ही पायांना एकाच वेळी दोन्ही हात लावावेत.

कसे लावायचे ते शिकवायचं काम विभावरीकडे आलं. सोमवारी सकाळी आठ वाजता मेट्रनसह नऊ आयरिश बायका एकतीस म्हाताऱ्यांच्या पाया पडल्या.