इत्तोचं दूध

बेन्नासरच्या धाकट्या भावाने दुसरी बायको केली, त्या वर्षीच्या हिवाळ्यात मूल नसलेला बेन्नासर आणि त्याची बायको रकिया सफ्रू गावच्या अनाथालयात येऊन बसले. बेन्नासरच्या हातात दिलेल्या बाळाची नाळ नुकतीच पडली होती. अनाथालय चालवणाऱ्या लल्ला तामूने त्याचं नाव इद्दर ठेवलं होतं.

“बाळ आहे ते, खोगीर नव्हे,” लल्ला म्हणाली. “नीट छातीशी धर.”

खोगिरं शिवणारा बेन्नासर हसला, मग म्हणाला, “लल्ला, हा मोठा झाला की रकियाला परका पुरुष. घरातल्या घरात तिने त्याच्यासमोर डोकं झाकून वावरायचं? आई म्हणते, असलं पोर उंबऱ्याच्या आत नको. त्यापेक्षा तूही दुसरी कर.”

“मग दुधाचं नातं जोडा. रकियाच्या बहिणीने पाच वेळा पोटभर पाजलं, की रकिया त्याची मावशी. मावशीला कसला पडदा?”

रकियाने मान खाली घातली. “माझी एकच बहीण, इत्तो. तिचं बाळ गेल्या आठवड्यात जन्मतःच गेलं. तिला कुठल्या तोंडाने म्हणू, दुसऱ्याचं पाज?”

“तुला जमत नसेल तर मी निरोप धाडते. वरच्या दुधावर इथली किती पोरं हिवाळा काढतात, ते मला विचार.”

इत्तो डोंगरातून उतरून आली. रकियाकडे तिने पाहिलं नाही. “आण इकडे,” एवढंच म्हणाली. इद्दर लगेच लुचू लागला. रकिया शालीचं टोक तोंडात कोंबून रडायला लागली.

“पाजतेय मी, आणि रडतेस तू? जा ताई, चहा कर. पुदिना जरा जास्त घाल.”

रकिया गेली. लल्लाने दार लोटून घेतलं.

“अजून वेळ आहे, इत्तो. तुझंच पोर आहे म्हणून सांगून टाक तिला.”

“सांगितलं तर घेईल ती? पोटात होता तेव्हाच देते म्हटलं होतं. म्हणाली, ‘तुझी मांडी रिकामी करून मला आई नाही व्हायचं.’ माझे तीन मुलगे आहेत, लल्ला. तिला कोण आहे? तोंड उघडायचं नाही तुम्ही.”

लल्लाने ते मरेपर्यंत उघडलं नाही. इत्तोनेही नाही. इद्दर खोगिरांच्या दुकानात वाढला, बेन्नासरपेक्षा उंच झाला. सणाला दूधआईकडे जायचा, तिच्या मुलांशी भांडून, जेवून यायचा.

इद्दरचं लग्न ठरलं त्या वसंतात इत्तो वारली. जनाजा उचलायला तिचे तिन्ही मुलगे वाकले. चौथ्या कोपऱ्याला शेजारी पुढे झाला.

“तुम्ही थांबा, भाऊ,” रकिया म्हणाली. “इत्तोला पोटचे मुलगे चार आहेत. इद्दर, हो पुढे.”