पांढरे हातमोजे

इंग्लंडच्या राजानं नेमलेल्या शेरीफसाहेबांनी पांढरे हातमोजे न्यायाधीशांपुढे ठेवले. जिल्ह्यात एकही फौजदारी खटला नसला की शेरीफनं न्यायाधीशांना असे हातमोजे द्यायचे, हा आयर्लंडातला जुना रिवाज. साहेबांचे वडीलही शेरीफ होते. या मानासाठी ते झुरले, पण त्यांना तो लाभला नाही.

१९२० च्या त्या उन्हाळ्यात मात्र कोर्टात चिटपाखरू नव्हतं. ना फिर्यादी, ना ज्युरी. न्यायाधीशांनी रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली आणि हातमोजे परत सरकवले. "राहू द्या तुमच्याकडेच."

शेरीफसाहेब घरी आले, तर तबेल्यात त्यांची तांबडी घोडी उभी. महिन्यापूर्वी चोरीला गेलेली. म्हातारा कोचमन फिनटन तिला खरारा करत होता.

"कुठे सापडली रे?"

"राजाचं कोर्ट सोडून गावच्या लोकांनी आपलं नवं कोर्ट काढलंय ना, साहेब. त्यांनी चोराला घोडी परत करायला लावली. फिर्याद मीच दिली होती."

"मला न सांगता?"

फिनटनचा हात थांबला. "सांगितलं असतं तर तुम्ही राजाच्या कोर्टात गेला असता. मग घोडी कुठली मिळायला?"

साहेबांनी घोडीची मान थोपटली.

"तिथे गर्दी असते का?"

"उभं राहायला जागा नसते, साहेब."

घोडीनं सवयीनं साखरेसाठी त्यांच्या कोटाच्या खिशात तोंड खुपसलं. आत हातमोजेच होते.