पूर्णविरामानंतरची जागा

इंडोनेशियातल्या योग्यकार्ता शहरात, एका छोट्या प्रकाशनात पाक मार्सुदींनी तीस वर्षं टायपिंग केलं. ‘पाक’ असं तिथे वडीलधाऱ्या माणसाला आदराने म्हणतात. पूर्णविरामानंतर ते नेहमी दोनदा स्पेस द्यायचे. ते वारल्यावर त्यांचं अर्धवट राहिलेलं पुस्तक पूर्ण करायला तिथल्याच वेनिंगकडे आलं.

त्या जादा जागा शोधायला तिने कॉम्प्युटरवरच्या टेक्स्ट एडिटरमध्येच एक फंक्शन लिहिलं. ते अक्षर न् अक्षर चाचपत बसायचं. फक्त पूर्णविरामापाशी थांबायला शिकवल्यावर त्याचं काम क्षणात संपलं. सापडलेल्या सगळ्या जागा तिने काढल्या आणि पुन्हा शोधलं. एक उरली होती.

ती पुस्तकाच्या सुरुवातीला वेनिंगनेच लिहिलेल्या मनोगतात होती, ‘पाक मार्सुदी आता आपल्यात नाहीत.’ या वाक्यापुढे. तिने ती खोडली. पुन्हा शोधलं, तर पुन्हा एक.

“तुझाच अंगठा दोनदा पडतोय गं,” शेजारच्या टेबलावरची लस्त्री म्हणाली.

वेनिंगने कीबोर्डची वायर काढून कीबोर्ड लस्त्रीच्या मांडीवर ठेवला, आणि माउसने तिथल्या दोन्ही जागा खोडल्या.

दोघींच्या डोळ्यांदेखत कर्सर एक घर पुढे सरकला. मग सावकाश आणखी एक.

“असू दे, पाक,” वेनिंग हळूच म्हणाली. “नाही खोडत मी.”

कर्सर मागे वळला. ‘नाहीत’ हा शब्द शेवटाकडून एकेक अक्षराने पुसला गेला, आणि तो तिथेच थांबला.